‘रन’चे सगळे अर्थ पाठ करावेत का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४७ वर्षांच्या असून एका कंपनीच्या हिशेब विभागात २१ वर्षे काम करीत आहेत. त्यांचे शिक्षण मराठीतून झाले. वर्षभरापूर्वी विभागाची सूत्रे नव्या वरिष्ठांकडे गेली आणि सर्व सूचना इंग्रजी ईमेलने येऊ लागल्या. दोन महिन्यांपूर्वी वरिष्ठांनी ‘रन द पेमेंट लिस्ट बाय मी बाय थर्सडे’ असे कळवले. ‘रन’ म्हणजे चालवणे आणि ‘बाय मी’ म्हणजे माझ्याकडून, माझ्या वतीने, असे समजून त्यांनी बुधवारीच यादी प्रणालीत चालवली आणि पैसे वळते झाले. वरिष्ठांना ती यादी आधी फक्त पाहायची होती. दोन रकमा चुकीच्या खात्यांत गेल्या. बैठकीत सर्वांसमोर ‘एवढा साधा शब्द कळत नाही?’ असे ऐकावे लागले. त्यानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातून ‘रन’चे अर्थ वहीत उतरवून रोज दहा पाठ करण्याचा नेम धरला, पण १४० च्या पुढे मजल गेली नाही. पाठांतर चालू ठेवावे, इंग्रजीचा संबंध नसलेल्या विभागात बदली मागावी, की प्रत्येक ईमेल भाषांतराच्या यंत्रातून काढून काम भागवावे, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘आपल्या भाषेत असे कुठे असते?’

प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळे मला तिथेच दिसतात. तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघा ओढत गेले. रकमा परत यायला नऊ दिवस ‘लागले’. सर्वांसमोर ऐकून घ्यावे ‘लागले’. ते बोलणे मनाला ‘लागले’. तेव्हापासून रात्री नीट झोप ‘लागत’ नाही. पाठ केलेले अर्थ विसरू ‘लागले’ आहे. या शब्दाचा थांगच ‘लागत’ नाही. पहिल्या वाक्यात हे क्रियापद वेळेचा खर्च सांगते, दुसऱ्यात सक्ती, तिसऱ्यात दुखावणे, चौथ्यात एखादी अवस्था आपोआप येणे, पाचव्यात क्रियेचा आरंभ आणि सहाव्यात शोध पुरा होणे. एका पत्रात तुम्ही एकाच शब्दाकडून सहा वेगवेगळी कामे करून घेतली आहेत आणि लिहिताना एकदाही थांबला नाहीत.

आता अशी कल्पना करा की मराठी शिकणारी एखादी व्यक्ती तुमच्यासमोर वही उघडून बसली आहे आणि विचारते आहे, ‘लागणे म्हणजे काय?’ तुम्ही उत्तर देऊ शकणार नाही. भूक लागते, आग लागते, निकाल लागतो, पत्ता लागतो, एखादा गृहस्थ आपला काका लागतो, पदार्थ गोड लागतो. गाडीसुद्धा दोन प्रकारे लागते. फलाटाला लागलेली गाडी वेगळी आणि प्रवासात एखाद्याला मळमळ होऊन लागणारी गाडी वेगळी. तेव्हा तुम्ही त्या व्यक्तीला उलट प्रश्न कराल, ‘तुम्ही हा शब्द कुठे वाचलात? पूर्ण वाक्य सांगा.’ हा उलट प्रश्न करण्याची सवय तुमच्याजवळ जन्मापासून आहे. फक्त ती तुम्ही ‘रन’च्या बाबतीत वापरलेली नाही. इंग्रजीच्या दारात पाऊल ठेवताना ही सवय बाहेर ठेवावी लागते, असे आपल्यापैकी पुष्कळांना शाळेत नकळत शिकवले गेले. शब्दार्थांच्या याद्यांत डावीकडे एक इंग्रजी शब्द आणि उजवीकडे एक मराठी शब्द असे, त्यामुळे शब्दाला एक अर्थ असतो आणि तो आठवला की काम होते, ही समजूत पक्की झाली. तुमची चूक त्या यादीच्या पोटातून आली आहे. बुद्धीच्या कमतरतेशी तिचा काही संबंध नाही.

तुम्ही ज्या कोशाशी गेले दोन महिने झुंजत आहात, त्याच्या स्वभावाविषयीही थोडे सांगायला हवे. ऑक्सफर्डचा हा कोश ऐतिहासिक तत्त्वावर रचलेला आहे. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्याचे काम उभे राहिले आणि पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तिच्यात सुमारे ४३० अर्थ दिले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक शब्द नव्याने तपासला जाऊ लागला आणि २०११ मध्ये ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. पीटर गिलिव्हर या अनुभवी कोशकारांना त्या एका नोंदीसाठी नऊ महिने द्यावे लागले. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे आणि शब्दांचे अर्थ लावणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्या माणसाचे ते पूर्णवेळ काम होते. रोज दहा या हिशेबाने तुम्ही ते ६५ दिवसांत आत्मसात करायला निघाला होता, आणि जमले नाही म्हणून स्वतःला मंद म्हणत आहात. हा निवाडा मला मान्य नाही.

त्याहून महत्त्वाचे असे की ऐतिहासिक कोश एखादा अर्थ प्रथम केव्हा आढळला आणि पुढे त्याचे काय झाले, याची नोंद ठेवतो. त्यामुळे त्यात आज कुणीही वापरत नसलेले अर्थ असतात, एखाद्याच धंद्यातले असतात, एखाद्याच प्रदेशातले असतात. नोंदीत आधी येणारा अर्थ हा बहुधा जुना अर्थ असतो. आज तोच अधिक वापरला जातो असे नाही. म्हणजे तुम्ही पाठ केलेल्या पहिल्या १४० अर्थांपैकी कित्येक तुमच्या वरिष्ठांनाही ठाऊक नसतील. तुम्हाला बैठकीत बोलणाऱ्या व्यक्तीला ६४५ अर्थ पाठ आहेत आणि तुम्हाला नाहीत, असे चित्र तुमच्या पत्रातून दिसते. ते चित्र पुसून टाका. ६४५ अर्थ पाठ असलेला माणूस कुठेही नाही.

शिकणाऱ्यांसाठी वेगळे कोश असतात, आणि हे तुमच्यासारख्या अनेक वाचकांना कुणी कधी सांगितलेले नसते म्हणून थोडे सविस्तर लिहिते. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या गरजा ध्यानात घेऊन ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला कोश प्रथम १९४२ मध्ये जपानमध्ये छापला गेला. आजच्या ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीचे मूळ तेच. १९७८ मध्ये लाँगमनच्या कोशाने सगळी स्पष्टीकरणे सुमारे २,००० सोप्या शब्दांच्या आत लिहिण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या कोबिल्ड कोशाने तर अर्थ पूर्ण वाक्यातच सांगायला सुरुवात केली. अमुक प्रकारचा माणूस किंवा वस्तू ‘रन’ करते तेव्हा काय घडते, अशा धाटणीने. तुम्हाला यांपैकी एक कोश हवा. ऑक्सफर्डचा मोठा कोश ग्रंथालयात राहू द्या. भाषेच्या इतिहासाची ओढ वाटेल तेव्हा तो जरूर उघडा, कारण ते एक अद्भुत काम आहे. मात्र गुरुवारपर्यंत उत्तर द्यायच्या ईमेलसाठी तो रचलेला नाही.

आता शब्दाकडे वळू. लहान आणि सतत वापरात असलेल्या शब्दांनाच सर्वाधिक अर्थ का असतात, हा प्रश्न अभ्यासकांना जुना आहे. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये अशा अनेकार्थतेला स्वतंत्र नाव दिले, आणि जॉर्ज झिफ या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ मध्ये दाखवले की शब्द जितका वारंवार वापरला जातो तितके त्याचे अर्थ वाढत जातात. शास्त्रातला एखादा लांबलचक, अवघड दिसणारा शब्द एकाच अर्थाला धरून राहतो, आणि तीन अक्षरांचा घरगुती शब्द दहा दिशांना जातो. आपण बहुधा उलटे घाबरतो. लांब शब्दांची धास्ती घेतो आणि लहान शब्द येतातच असे धरून चालतो. ‘एवढा साधा शब्द’ म्हणून तुम्हाला जे ऐकवले गेले, ते म्हणूनच वस्तुस्थितीला धरून नव्हते. ‘रन’ हा साधा शब्द नाही.

तरीही तो अर्थांचा विस्कळीत ढीग नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द माणसाच्या पळण्यासाठी होता, तसाच पाण्याच्या वाहण्यासाठीही होता. जर्मन भाषेत त्याच घराण्यातले दोन वेगळे शब्द आजही आहेत, ‘रेनेन’ म्हणजे पळणे आणि ‘रिनेन’ म्हणजे झिरपत वाहणे. इंग्रजीत मात्र दोघांना एकच रूप उरले. ही एक गोष्ट कळली की पुष्कळशी गर्दी आपोआप रांगेत उभी राहते. नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दीत नाक ‘रन’ होते, आणि मराठीत या तिन्हींना आपण ‘वाहणे’ म्हणतो. धुतलेल्या कपड्याचा रंग दुसऱ्या कपड्यावर पसरतो तेव्हा तोही ‘रन’ होतो, कारण तोही पाण्याबरोबर वाहत जातो. यंत्र ‘रन’ होते, संगणकातला प्रोग्राम ‘रन’ होतो, बसगाड्या ‘रन’ होतात, एखादी संस्था कुणी ‘रन’ करते. इथे इंग्रजी पळते आणि मराठी चालते. यंत्र चालते, प्रोग्राम चालतो, गाड्या चालतात, संस्था चालवली जाते. आपण कधी विचार केला आहे का, की जागचे न हलणारे यंत्र ‘चालते’ कसे? परक्या माणसाला ‘चालणे’ हा शब्द तितकाच चमत्कारिक वाटेल जितका तुम्हाला ‘रन’ वाटतो. रस्ता नदीच्या कडेने ‘रन’ होतो, आणि मराठीत तोच रस्ता ‘जातो’. पळणे काय आणि जाणे काय, रस्ता दोन्ही भाषांत स्थिरच आहे, हलते ती आपली नजर.

मला स्वतःला यात सर्वांत आवडणारे उदाहरण निवडणुकीचे आहे. अमेरिकी इंग्रजीत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटिश इंग्रजीत त्याच प्रसंगी तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आणि मराठीतही तो निवडणुकीला उभाच राहतो. कृती तीच, पण एका समाजाने ती शर्यत म्हणून पाहिली आणि दुसऱ्याने लोकांसमोर उभे राहणे म्हणून. इंग्रजी बोलणाऱ्या दोन समाजांतही शब्दाच्या अर्थावर एकमत नसते, हे तुम्ही ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

अर्थांची संख्या फुगण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मराठी माणसाला चटकन कळेल. आपल्याकडे ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही रूपे वेगळी आहेत. आपोआप होणारी क्रिया आणि कुणीतरी करवलेली क्रिया यांत आपण प्रत्ययाने फरक करतो. शिवाय ‘धाव’ हे नाम आणि ‘धावणे’ हे क्रियापद, हेही वेगळे ओळखू येते. इंग्रजीत यंत्रही ‘रन’ होते, यंत्र चालवणारीही यंत्र ‘रन’ करते, आणि क्रिकेटमध्ये मोजल्या जातात त्या धावाही ‘रन’च. मराठीत जी कामे तीन रूपे वाटून घेतात ती तिथे एक रूप करते. म्हणून शब्दाच्या चेहऱ्याकडे टक लावून अर्थ सापडत नाही. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाचे १९५७ मधले एक म्हणणे प्रसिद्ध आहे, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘रन’ दिसल्यावर आधी त्याच्या आजूबाजूला पाहायचे. कोण किंवा काय ‘रन’ होते आहे? त्याच्या पुढे कोणती वस्तू आली आहे? आणि त्याला चिकटून ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘बाय’ असा एखादा छोटा शब्द आहे का?

तुमचा हुकलेला अर्थ या शेवटच्या छोट्या शब्दातच दडलेला होता. ‘रन द पेमेंट लिस्ट बाय मी बाय थर्सडे’ या वाक्यात ‘बाय’ दोनदा आले आहे आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा आहे. दुसरे ‘बाय’ मुदत सांगते, गुरुवारपर्यंत. पहिले ‘बाय’ तुम्ही ‘माझ्याकडून’ असे वाचलेत, कारण कर्मणि प्रयोगाच्या धड्यात आपण सगळे तेच शिकलो. मात्र ‘रन’, त्यानंतर एखादी वस्तू, त्यानंतर ‘बाय’ आणि मग एखाद्या माणसाचा उल्लेख, अशी जोडणी आली की ते सगळे मिळून एकच क्रिया होते : ती गोष्ट त्या माणसाला दाखवणे, त्याचे मत घेणे. लक्षात राहावे म्हणून असे म्हणा, की ती यादी माझ्या डोळ्यांसमोरून जाऊ दे. मराठीत आपण ‘नजरेखालून घालणे’ म्हणतो, आणि तिथेही काही खरोखर घातले जात नाही. हेच वाक्य पहिल्या ‘बाय मी’शिवाय असते, म्हणजे ‘रन द पेमेंट लिस्ट बाय थर्सडे’ असे असते, तर तुम्ही जे केलेत ते अगदी बरोबर ठरले असते. दोन छोट्या शब्दांनी आज्ञेचा अर्थ ‘करा’वरून ‘करण्याआधी दाखवा’ असा उलटा केला. तुम्ही चुकलात हे खरे आहे, परंतु शब्द माहीत नसल्याने चुकलात हे खरे नाही. ‘रन’चा तुम्हाला माहीत असलेला अर्थ अचूक होता, तो त्या ठिकाणचा नव्हता, एवढेच.

इथे मला तुमच्या वरिष्ठांविषयीही बोलले पाहिजे, कारण तुमच्या पत्रात सगळी जबाबदारी तुम्ही एकटीने उचलली आहे. पैसे वळते करण्याविषयीची सूचना बोलीतल्या वाक्प्रचारात देऊ नये. ‘मला यादी दाखवा, माझी मंजुरी येईपर्यंत रक्कम सोडू नका’ हे इंग्रजीतही दोन छोट्या, निःसंदिग्ध वाक्यांत लिहिता आले असते. वेगवेगळ्या भाषांच्या पार्श्वभूमीचे लोक जिथे एकत्र काम करतात तिथे लिहिणाऱ्याने स्पष्ट लिहिणे हे सौजन्याइतकेच सुरक्षिततेचेही काम आहे. दुसरे असे, की एका व्यक्तीने यादी तयार करावी आणि दुसरीने मंजूर केल्याशिवाय पैसे जाऊ नयेत, ही हिशेबाच्या कामातली प्रचलित पद्धत आहे. तुमच्या प्रणालीत ती अडवणूक नव्हती म्हणून एका वाक्याच्या चुकीच्या वाचनाने पैसे गेले. ही उणीव भाषेची नाही, कार्यपद्धतीची आहे, आणि ती दाखवून देण्याचा अधिकार २१ वर्षे त्या विभागात काढलेल्या व्यक्तीइतका कुणाला असणार? हे तक्रारीच्या सुरात न मांडता, पुन्हा असे घडू नये यासाठीची सूचना म्हणून लेखी मांडा.

तुमच्या तीन पर्यायांपैकी पाठांतराविषयी माझे मत तुम्हाला एव्हाना कळले असेल : ते आजच थांबवा. त्या वहीबद्दल मी पुढे लिहिते.

बदलीबद्दल मी सावधपणे लिहिते, कारण तुमच्या घरची आणि कामाची सगळी परिस्थिती मला माहीत नाही. बदली मागण्यात कमीपणा नाही. तुम्हाला दुसऱ्या विभागाचे काम खरोखर आवडत असेल, किंवा इथले वातावरण रोज अपमान करणारे असेल, तर जरूर मागा. परंतु पत्रात तुम्ही त्या दुसऱ्या विभागाविषयी ‘तिथे इंग्रजी नाही’ याखेरीज एकही वाक्य लिहिलेले नाही. जिथे जायचे आहे त्या जागेविषयी काहीच ओढ नसेल आणि फक्त जिथून निघायचे आहे तिथली एक बैठक मनात असेल, तर तो निर्णय काही महिने पुढे ढकलावा असे मला वाटते. ज्या दिवशी तो प्रसंग आठवून घशाशी आवंढा येणार नाही, त्या दिवशी हा प्रश्न पुन्हा स्वतःला विचारा आणि जे उत्तर येईल ते माना.

भाषांतराचे यंत्र वापरायला माझी हरकत नाही, मात्र काही गोष्टी पाळाव्या लागतील. एकटा शब्द त्यात कधीही घालू नका. पूर्ण वाक्य आणि शक्य असेल तर आधीचे-नंतरचे वाक्यही घाला, कारण यंत्रालाही संगतीवरूनच अर्थ लावायचा असतो. ते बहुधा एकच उत्तर सफाईदार मराठीत देते आणि त्याला शंका आली असली तरी ती दाखवत नाही, म्हणून जिथे पैसे, मुदत किंवा मंजुरी यांचा प्रश्न आहे तिथे त्याच्या उत्तरावर कृती करू नका. शिवाय नावे, खाते क्रमांक आणि रकमा असलेला मजकूर कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या सेवेत चिकटवणे हा नवा घोटाळा होऊ शकतो. असा तपशील वगळून फक्त अडलेले वाक्य घाला.

या तिन्हींपेक्षा वेगळा एक मार्ग मी सुचवते. तुमच्या ईमेलच्या पेटीत शोधाच्या जागी ‘रन’ लिहा, मग ‘रॅन’ आणि ‘रनिंग’ लिहा, आणि गेल्या वर्षभरात तुम्हाला आलेली सगळी वाक्ये समोर घ्या. तुमच्या कामाचे स्वरूप पाहता त्यांत दहा-बाराहून फार अधिक तऱ्हा निघतील असे मला वाटत नाही. अहवाल ‘रन’ करणे म्हणजे प्रणालीतून काढणे. ‘रनिंग लेट’ म्हणजे उशीर होत असणे. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे, भांड्यातून पाणी वाहून जावे तसे. ‘रन ओव्हर’ म्हणजे बैठक ठरल्या वेळेबाहेर ओसंडणे, आणि वाहनाच्या संदर्भात मात्र कुणाच्या अंगावरून जाणे. ‘रन इन्टू’ म्हणजे अडचण अचानक समोर येणे किंवा कुणी अवचित भेटणे. ‘रन थ्रू’ म्हणजे मुद्द्यांवरून एकदा भरभर नजर फिरवणे. आणि या यादीत तुम्हाला ‘रनिंग बॅलन्स’ही सापडेल, चालू शिल्लक, जी तुम्ही २१ वर्षे रोज मांडत आला आहात. तो ‘रन’ तुम्हाला कधी अडला नाही. त्याचा अर्थ तुम्ही कोशातून पाठ केला नव्हता. खतावणीच्या रकान्यात तो शब्द हजारदा पाहिला आणि तो तुमचा झाला. बाकीचेही याच वाटेने तुमचे होतील.

वही फेकू नका, फक्त तिची रचना बदला. एका पानावर एक पूर्ण वाक्य, जसे आले तसे. त्याखाली कोण किंवा काय ‘रन’ होते आहे, त्याच्याबरोबर कोणता छोटा शब्द आला आहे, आणि हेच तुम्हाला मराठीत सांगायचे असते तर कसे सांगितले असते, हे तुमच्याच शब्दांत लिहा. मराठी वाक्य कोशातून घेऊ नका, तुमच्या तोंडचे घ्या. आठवड्याला तीन पाने पुरेत. ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘पुट’ या शब्दांनी गांजलेल्या इतर वाचकांनाही हीच पद्धत चालेल. शब्द बदलेल, पाने तशीच राहतील.

आणि एक वाक्य तयार ठेवा, जे शंका आली की न लाजता पाठवता येईल. ‘जस्ट टू कन्फर्म’ अशी सुरुवात करून तुम्हाला समजलेला अर्थ साध्या शब्दांत लिहा आणि दोन शक्यता असतील तर दोन्ही लिहा : मी यादी आधी तुम्हाला दाखवू, की थेट रक्कम सोडू? असे विचारणारी व्यक्ती कमी शिकलेली वाटेल ही भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. हिशेबाच्या कामात उलटतपासणी करणाऱ्याला आपण काळजीपूर्वक काम करणारा म्हणतो. बेरीज दुसऱ्यांदा करून पाहणाऱ्या सहकाऱ्याला गणित येत नाही असे तुम्ही कधी म्हणाला आहात का? वाक्याचा अर्थ पडताळणेही त्याच जातीचे काम आहे. परत न घेता येणारी कोणतीही कृती करण्याआधी हे एक वाक्य पाठवायचेच, असा नियम स्वतःला घाला आणि तो वरिष्ठांनाही सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या विचारण्याचा त्यांना गैरसमज होणार नाही.

वहीच्या पहिल्या पानावर कोणते वाक्य लिहायचे, ते तुम्ही ओळखले असेल. ‘रन द पेमेंट लिस्ट बाय मी बाय थर्सडे.’ वर तारीख घाला, पहिल्या ‘बाय’ला आणि दुसऱ्या ‘बाय’ला वेगवेगळ्या रंगाने गोल करा, आणि खाली तुमच्या मराठीत लिहा : ‘गुरुवारपर्यंत यादी माझ्या नजरेखालून घाला.’